ती गोड गोळी पोटात जाऊन करते काय, तुम्ही विचारलंत म्हणून

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला १७ वर्षं झाली. शुगर फ्रीची डबी हातात घेतलेलं माणूस निम्म्या वेळा हेच विचारतं, ताई, ही गोळी जाते कुठे, अंगात साठत नाही ना? परवा एका काकांनी तर घेतलेली डबी परत काउंटरवर ठेवली आणि म्हणाले आधी मला नीट सांगा, मग नेतो. मागे चार गिऱ्हाईकं उभी होती त्यामुळे घाईघाईत जमेल तेवढं सांगितलं, पण ते अर्धवटच राहिलं, म्हणून इथं सगळं लिहिते.

आधी एक समजून घ्या, "ही गोळी" असं एकच काही नसतं. डबी उलटी करून बघा, मागे अगदी बारीक अक्षरात नाव असतं. ॲस्पार्टेम, सुक्रालोज, सॅकरिन, स्टीव्हिया, आणि शुगर फ्री मिठाईच्या खोक्यावर बहुतेक वेळा माल्टिटॉल नाहीतर सॉर्बिटॉल. जिभेला सगळं गोडच लागतं पण घशाखाली उतरलं की प्रत्येकाची वाट वेगळी. म्हणून चांगलं का वाईट असं कुणी विचारलं तर मी आधी कोणतं ते विचारते.

साध्या साखरेपासून सुरू करू. साखरेचा कण म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून बसलेले. लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचं एन्झाइम असतं, ते हे हात सोडवतं, मग दोघे रक्तात जातात, त्यातलं ग्लुकोज शुगर मोजायच्या मीटरवर दिसतं आणि फ्रुक्टोज बरंचसं लिव्हरकडे जातं. गुळातही मुख्यतः हीच साखर असते हो, त्यामुळे "आम्ही साखर बंद केली, गुळाचा चहा घेतो" असं कुणी सांगितलं की मला फार वाईट वाटतं, कारण ती माणसं मनापासून पथ्य पाळत असतात आणि रिपोर्ट मात्र तसाच येतो.

आता ॲस्पार्टेम. हे साखरेच्या साधारण २०० पट गोड, म्हणून एवढीशी गोळी पुरते. हे मात्र पूर्ण मोडतं. आतड्यातच त्याचे तीन तुकडे होतात, फेनिलॲलनिन, ॲस्पार्टिक ॲसिड आणि थोडं मिथेनॉल. पहिली दोन अमिनो ॲसिड्स म्हणजे प्रोटीनचे घटक आहेत, डाळीत, दुधात, अंड्यात असतात तीच, आणि शरीर त्यांना तसंच वागवतं. मिथेनॉल ऐकून लोक दचकतात, पण १०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेममधून ते साधारण १० मिलिग्रॅम निघतं आणि फळांच्या, टोमॅटोच्या रसातूनही ते आपल्या पोटात जात असतंच. म्हणजे अख्खं ॲस्पार्टेम रक्तात फिरत नाही की कुठे साठत नाही. फक्त फेनिलकेटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असेल तर शरीराला फेनिलॲलनिन पुढे मोडता येत नाही, ते साचून मेंदूला इजा करतं, म्हणून त्या पेशंटना हे वर्ज्य आणि डबीवर तशी ओळ छापलेली असते. ती ओळ वाचून बाकीचे घाबरतात, त्यांना मी हे समजावते. आणि २०२३ ची ती कॅन्सरची बातमी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ॲस्पार्टेमला "कदाचित कॅन्सरकारक" या गटात टाकलं खरं, पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा बदलली नाही, किलोमागे ४० मिलिग्रॅम तशीच ठेवली. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम झाले. दोन कप चहातल्या गोळ्यांनी तुम्ही तिथे पोचत नाही. हां, चहा उकळताना गोळी टाकू नका, आचेवर ॲस्पार्टेमचा गोडवा जातो, कपात ओतल्यावर टाका.

सुक्रालोजची गोष्ट मला फार आवडते कारण त्यात आपला माणूस आहे. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे संशोधक साखरेच्या कणावर क्लोरीन चढवायचं काम करत होते, वरिष्ठांनी पावडर "टेस्ट" करायला सांगितली म्हणजे तपासायला, यांना ऐकू आलं "टेस्ट" म्हणजे चव बघायला, आणि यांनी सरळ जिभेवर ठेवली असं सांगतात. साखरेच्या ६०० पट गोड निघाली. म्हणजे हे साखरेपासूनच बनलंय, पण तीन ठिकाणी क्लोरीन बसवल्यामुळे आपल्या सुक्रेजला ते ओळखूच येत नाही, हात सुटत नाहीत, ग्लुकोज निघत नाही. साधारण ८५ टक्के रक्तात न जाता शौचावाटे बाहेर, उरलेलं जे शोषलं जातं त्यातलं बहुतेक लघवीतून जसंच्या तसं. सॅकरिनचं थोडं उलटं आहे, ते बहुतेक सगळं रक्तात शिरतं पण शरीर त्याला हात लावत नाही, किडनी गाळून बाहेर टाकते.

स्टीव्हियावर लोकांचा जीव, कारण पानातून येतं. पण पान असो नाहीतर कारखाना, आतड्याला काही फरक पडत नाही. स्टीव्हियाचे गोड कण वरच्या आतड्यात मोडतच नाहीत, तसेच खाली मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावरचे साखरेचे तुकडे काढून खातात आणि उरतं ते स्टीव्हिऑल, ते रक्तातून लिव्हरकडे जातं आणि तिथून रूप बदलून लघवीत. म्हणजे "नैसर्गिक" वस्तूला लिव्हरपर्यंत जावं लागतं आणि "केमिकल" म्हणून ज्याला नावं ठेवतात ते सुक्रालोज बहुतेक लिव्हरकडे फिरकतही नाही!

खरा घोळ होतो तो मिठाईत. दोन दिवाळ्यांमागे एक निवृत्त सर आले, चेहरा उतरलेला, म्हणाले मेटफॉर्मिन, म्हणजे त्यांची डायबेटिसची गोळी, बंद करायचंय, रात्रभर संडासच्या फेऱ्या झाल्या. मेटफॉर्मिननं पोट बिघडतं हे खरं आहे पण सरांना ते चार वर्षं सुरू होतं आणि कधी तक्रार नव्हती. मी विचारलं काल काय खाल्लं, तर शुगर फ्री काजूकतली, मुलीनं आणलेली, सात-आठ वड्या, शुगर फ्रीच आहे ना म्हणून. खोकं मागवून घेतलं, खाली बारीक अक्षरात माल्टिटॉल, आणि त्याच्या खाली जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात अशी ओळ. माल्टिटॉल अर्धवट मोडतं. जेवढं मोडतं त्यातून ग्लुकोज निघतं, म्हणजे शुगर वाढतेच, साखरेपेक्षा कमी आणि हळू एवढंच, कॅलरी जवळपास निम्म्या. जे मोडत नाही ते मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतं, जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो, गुडगुडतं, जुलाब होतात. सॉर्बिटॉलचंही असंच, आणि ते खोकल्याच्या बिनसाखरेच्या औषधातही असतं. खव्याची वडी असेल तर दुधातली साखर आणखी वेगळी. सरांची गोळी वाचली, मी त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका एवढंच सांगून पाठवलं, दोन दिवसांत पोट ताळ्यावर आलं.

हे सगळं सांगून मी असं म्हणत नाहीये की मनसोक्त खा. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटनं २०२२ मध्ये १२० निरोगी लोकांवर दोन आठवडे प्रयोग केला, त्यात सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांत ग्लुकोज पचवण्याची ताकद खालावलेली दिसली, सगळ्यांची सारखी नाही, ज्याचे त्याचे पोटातले जिवाणू जसे तसं. न मोडता बाहेर पडणारी वस्तूही वाटेत कुणालातरी भेटतेच की. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्येच सांगितलंय की वजन उतरवायला यांचा आधार घेऊ नका, अर्थात आधीपासून डायबेटिस असणाऱ्यांना तो सल्ला लागू केलेला नाही. माझं मत विचाराल तर ज्यांना शुगर आहे आणि गोड चहाशिवाय जमत नाही त्यांनी एक-दोन गोळ्या घ्याव्यात, बाकी घरानं उगाच सवय लावून घेऊ नये, मुलांना तर नाहीच.

पण ज्याच्यासाठी मला हे सगळं लिहायचं होतं ते वेगळंच आहे. मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक मुलगा आईला रिक्षातून घेऊन आला. काकूंना दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं जड. मीटर लावला, शुगर ५२, म्हणजे फारच कमी. मुलगा रडकुंडीला आला होता, म्हणाला शुगर कमी झाली असेल वाटून घरी दोन वेळा गोड चहा दिला. कसला गोड? डबीतल्या गोळ्यांचा. घरात साखरच ठेवत नाहीत ना! त्या गोळ्यांतून ग्लुकोज निघत नाही हाच तर त्यांचा गुण, आणि त्या वेळी नेमका तोच नडला. त्यात काकूंच्या चिठ्ठीत वोग्लिबोज होतं, डायबेटिसचं हे औषध सुक्रेजलाच अडवून धरतं, त्यामुळे साखर दिली असती तरी ती मोडायला वेळ लागला असता, थेट ग्लुकोजच पाहिजे. काकू गिळू शकत होत्या म्हणून पाण्यात तीन मोठे चमचे ग्लुकोज पावडर कालवून घोटाघोटानं पाजली. पंधरा मिनिटांनी ८४. मग डॉक्टरांकडे पाठवलं.

परवा डबी परत ठेवणारे काका म्हणजे या काकूंचे मिस्टर. सगळं ऐकून त्यांनी शेवटी डबी घेतली, सोबत ग्लुकोजचा एक पुडा घेतला, आणि माझ्याकडून मार्कर मागून पुड्यावर ठळक लिहिलं: घाम सुटला की हा. डबी नाही.