भिंतीवर डिझाईन करायचंय? आधी उजेड बघा

भिंतीवर काहीतरी वेगळं करायचं ठरलं की सगळे आधी मोबाईलवर फोटो शोधत बसतात, ढीगभर फोटो सेव्ह होतात आणि तरी नक्की काय करायचं ते ठरतच नाही. माझं म्हणणं एवढंच की फोटो नंतर, आधी त्या भिंतीवर उजेड कुठून पडतो ते बघा. खिडकी बाजूलाच असेल तर उजेड तिरका पडतो आणि तिरक्या उजेडात पुट्टीचा बारीकसा उंचवटाही डोळ्यात भरतो, अशा भिंतीवर चकचकीत रंग नकोच, मॅट घ्या नाहीतर सरळ स्पंजचं काम करा, त्यात बरंच काही झाकलं जातं.

भिंत सपाट असेल तर मात्र माझा सगळ्यात लाडका प्रकार सांगते, एकाच रंगाचे उभे पट्टे, एक मॅट एक ग्लॉस. शेड तीच, फक्त चमक वेगळी. समोरून भिंत साधीच वाटते पण बाजूने चालत गेलं की पट्टे उमटायला लागतात, आणि दिवा लावला की अजूनच! खोली भरल्यासारखी वाटत नाही आणि उभ्या पट्ट्यांमुळे छत जरा उंच भासतं ते वेगळंच.

आधी अख्ख्या भिंतीला मॅटचे दोन हात मारा आणि निदान 24 तास सुकू द्या, नाहीतर टेपबरोबर रंगही निघून येतो. पट्टे विषम संख्येत घ्या म्हणजे दोन्ही टोकांना सारखाच पट्टा येतो. रेघा ओळंबा लावून आखा, भिंतीच्या कोपऱ्यावर भरवसा ठेवू नका, कोपरे क्वचितच सरळ असतात. मग मास्किंग टेप लावायची, तिची कड बोटाने नीट दाबायची आणि आता खरी युक्ती, त्या कडेवर आधी खालचाच मॅट रंग पातळसा फिरवायचा. टेपखाली जो काही रंग झिरपायचा तो हाच झिरपतो आणि फट बंद होते, त्यावर ग्लॉस मारला की कड एकदम सुरीने कापल्यासारखी येते. शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच टेप मागे दुमडून हळूहळू ओढा, पूर्ण सुकल्यावर ओढली तर कडेचे पोपडे निघतात.

स्टेन्सिल, म्हणजे नक्षी कापलेला साचा भिंतीवर ठेवून रंगवणं, करणार असाल तर ब्रश जवळजवळ कोरडा हवा, म्हणजे रंगात बुडवून आधी कागदावर बराचसा पुसायचा आणि मग ठिपके दिल्यासारखं आपटायचं. सुरुवात भिंतीच्या मधून करा. आणि प्लीज, अख्खी भिंत भरू नका, दाराभोवती एक किनार पुरते.

दोन रंगांत भिंत विभागायची तर बरोबर मधोमध नको, खोली कापल्यासारखी दिसते, खालचा एक तृतीयांश भाग गडद ठेवा, हाताचे डागही तिथे कमी दिसतात. टेबलामागे कमान काढायची असेल तर एक खिळा, दोरी आणि पेन्सिल, झालं कंपास.

लाइमवॉशचे, म्हणजे चुन्याच्या पातळ रंगाचे, ढगाळ पोत मलाही फार आवडतात पण त्याला रंग शोषणारी भिंत लागते, जुन्या प्लास्टिक पेंटवर तो नीट धरत नाही, खास प्रायमर लागतो. ओला असताना गडद दिसतो आणि सुकल्यावर खूपच फिका पडतो तेव्हा घाबरून अजून रंग मिसळू नका. चुना डोळ्यांना आणि कातडीला वाईट, हातमोजे आणि चष्मा हवेतच.

ओल असेल तर यातलं काहीच करू नका, आधी ती ओल कुठून येते ते शोधून बंद करा.

शेड ठरवताना मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवा, सकाळी बघा आणि रात्री दिव्यातही बघा, 2700 केल्विनच्या पिवळसर बल्बखाली निळा रंग मळकट वाटू शकतो.

काम झालं की उरलेला रंग छोट्या घट्ट डब्यात भरून त्यावर शेडचा कोड आणि फिनिश लिहून ठेवा. मॅटला टचअप चालून जातो पण ग्लॉसवर तो डागासारखा दिसतो, तिथे खरचटलं तर तेवढा अख्खा पट्टाच पुन्हा मारा.