पावसात फुटबॉल, दिवाळीनंतर क्रिकेट

बेळगावात फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळणारी पोरं शाळाशाळांत सापडतात. जून-जुलैत सेंट पॉल्सच्या किंवा लेले मैदानावर चिखलात फुटबॉल, आणि दिवाळीचा किल्ला मोडला की तीच पोरं बॅट घेऊन सरदार्स मैदानावर. पंधरा-सोळा वर्षांपर्यंत हे आपसूक चालतं, कारण वर्षाची वाटणी पाऊसच करून देतो. मग एक दिवस कोच म्हणतो, घरचेही म्हणतात, "आता एक काय ते ठरव बघू." सल्ला चुकीचा नाही. पण तो बहुतेक वेळा दोन वर्षं आधीच दिला जातो, आणि कारण दिलं जातं ते "झेपणार नाही" असं. प्रत्यक्षात दोन खेळ खेळणारा पोरगा मोसमाच्या मध्यावर सहसा मोडत नाही. तो मोडतो ऑक्टोबरात आणि मे-जूनमध्ये, म्हणजे खेळ बदलताना.

आधी ज्यांनी हे मोठ्या पातळीवर केलं त्यांच्याकडे बघू. आपल्याकडे नाव एकच, चुनी गोस्वामी. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार. त्याच वर्षीच्या मोसमात बंगालकडून रणजी पदार्पण. पुढे ४६ प्रथम श्रेणी सामने, १५९२ धावा, ४७ बळी. डिसेंबर १९६६ मध्ये इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने पाहुण्या वेस्ट इंडिजला डावाने हरवलं, त्यात चुनींचे ८ बळी होते.

पण तारखा नीट लावून बघा. मोहन बागान या कोलकात्याच्या फुटबॉल क्लबकडून ते १९६८ पर्यंत खेळले. त्यांची सगळ्यात गाजलेली फलंदाजी, मुंबईविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यातल्या ९६ आणि ८४, ही १९६८-६९ मधली. बंगालचं नेतृत्व करत ते पुन्हा अंतिम सामन्यात पोचले तो मोसम १९७१-७२. म्हणजे क्रिकेटला खरा बहर आला तो फुटबॉल बाजूला ठेवल्यावर. शिवाय कोलकात्याचं हवामान त्यांच्या बाजूने होतं. तिथे फुटबॉल उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात, आणि क्रिकेट हिवाळ्यात.

इंग्लंडमध्ये ही वाटणी इतकी स्वच्छ नव्हती. फुटबॉलचा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि कौंटी क्रिकेट सप्टेंबरपर्यंत चालतं, म्हणून ओढाताण. १५ सप्टेंबर १९७५ ला ख्रिस बॉल्डरस्टोन चेस्टरफील्डला लिस्टरशायर कौंटीकडून नाबाद ५१ वर खेळ थांबवून गाडीने डॉनकास्टरला गेले, संध्याकाळी ब्रेंटफर्डविरुद्ध फुटबॉलचा सामना खेळले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन शतक पूर्ण केलं. हा किस्सा सगळे कौतुकाने सांगतात. त्यात दडलेली गोष्ट अशी की बॉल्डरस्टोन मुळात फलंदाज होते. इंग्लंडकडून फुटबॉल आणि कसोटी दोन्ही खेळलेले विली वॉटसन आणि आर्थर मिल्टन हेही फलंदाजच. आर्सेनलचे डेनिस कॉम्प्टनही तसेच. तेच कॉम्प्टन, ज्यांनी युद्धकाळात भारतात असताना होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध रणजी अंतिम सामन्यात नाबाद २४९ केल्या. या यादीत अस्सल वेगवान गोलंदाज जवळजवळ नाहीतच. इंग्लंडचे गोलंदाज इयान बोथम स्कनथॉर्प या फुटबॉल क्लबकडून लीगमध्ये ११ सामने खेळले, बस्स.

कॉम्प्टन यांचा गुडघा हा वेगळा धडा. १९३८ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर झाली, आणि त्याच गुडघ्याने पुढे त्यांना छळलं. १९५५ मध्ये गुडघ्याची वाटी काढावी लागली. १९४७ च्या एका मोसमात १८ शतकं ठोकणारा माणूस! त्यानंतरही लंडनच्या ओव्हल मैदानावर परतून ९४ केल्या हे खरं, पण पूर्वीची धाव परत आली नाही.

मुलींसाठी एलिस पेरीचं उदाहरण जास्त जवळचं आहे. २००७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने तिने ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही खेळांत पदार्पण केलं. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात स्वीडनविरुद्ध गोलही केला. पुढे वेळापत्रकं एकमेकांवर चढायला लागली, एका क्लबने तिला दोनांतलं एक निवडायला सांगितलं, तिने क्लब बदलला, आणि काही वर्षांनी फुटबॉल आपोआप मागे पडला. २०१७ ची तिची नाबाद २१३ ची कसोटी खेळी त्यानंतरची.

आता आपल्याकडे. वर्षाची वाटणी पाऊस करतो हे बेळगाव शहरापुरतं खरं. निपाणी-चिकोडीकडच्या पोरांना कोल्हापूर जवळ पडतं, आणि कोल्हापूरची केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीग हिवाळ्यात सुरू होऊन नॉकआऊट स्पर्धा पार उन्हाळ्यापर्यंत चालतात. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून खेळायचं आणि त्याच महिन्यांत लेदर बॉल क्रिकेटही, हे जमत नाही. खानापूरहून गोव्याकडे बघणाऱ्यांचीही हीच अडचण, तिथली लीगही हिवाळ्यातच भरात असते. अशा पोराने सोळाव्या वर्षीच मुख्य खेळ ठरवलेला बरा. बेळगावात राहणाऱ्याला अठरापर्यंत वेळ आहे. त्यातही तो वेगवान गोलंदाज असेल तर एक वर्ष कमी धरा.

सगळ्यात जास्त नुकसान ऑक्टोबरात होतं. पाऊस सरलेला असतो, पोराने चार महिने फुटबॉल खेळलेला असतो, दम भरपूर. नेटमध्ये पहिल्याच दिवशी तो आठ ओव्हर टाकतो आणि कोच खूश होतो. इथेच घात आहे. फुटबॉलने छाती आणि पाय तयार केलेले असतात, पाठ आणि खांदा नाही. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच पट किंवा त्याहून जास्त धक्का वर चढतो, आणि त्याच क्षणी कंबर वळत आणि झुकत असते. वाढत्या वयात कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जातो तो यामुळे.

म्हणून चार आठवडे द्यायचे. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड १८ चेंडू, निम्म्या रनअपने. दुसऱ्यात २४. तिसऱ्यात ३६, आता पूर्ण रनअप, पण जोर पाऊणच. चौथ्यात ४२ ते ४८, त्यातले शेवटचे दोन ओव्हर पूर्ण ताकदीने. मग सामना. लागोपाठ दोन दिवस गोलंदाजी या महिन्यात नाहीच. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाचा बरीच वर्षं चालत आलेला दंडक १४ आणि १५ वर्षांखालील गोलंदाजाला सलग एका स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२ ओव्हर, १६ आणि १७ वर्षांखालील गोलंदाजाला ७ आणि १८ असा आहे. तो आपल्याकडेही वापरायला हरकत नाही. आणि मोजताना गल्लीतल्या टेनिस बॉलचे ओव्हरही धरायचे. बॉल हलका म्हणून पाठीवर भार कमी, हा गैरसमज आहे. पाय तेवढ्याच जोराने आपटतो. रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धेत सलग तीन सामने आणि सकाळी लेदरची नेट, असं करणारा पोरगा डिसेंबरात कंबर धरून बसतो.

खूण ओळखायला सोपी आहे. उजव्या हाताने टाकणाऱ्याची कंबर डाव्या बाजूला दुखते. डाव्या पायावर उभं राहून मागे वाकायला सांगा. त्याच जागी कळ आली तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद आणि ऑर्थोपेडिककडे. सुरुवातीचा तडा एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. तेल लावून, पट्टा बांधून खेळवायचं दुखणं हे नव्हे. वेळेत थांबला तर काही महिन्यांत परत येतो, नाही थांबला तर मोसम जातोच, पुढचाही जाऊ शकतो.

खांद्याकडे कुणी बघत नाही. चार महिने फेक बंद असते आणि पहिल्याच सामन्यात पोरगा सीमारेषेवरून थेट यष्टीवर मारायला जातो. पहिले दोन आठवडे २० मीटरवरून २०-२५ फेकी, मग अंतर हळूहळू ४० मीटरपर्यंत.

मे-जूनचा बदल उलट्या जातीचा. क्रिकेटमध्ये उभं राहणं जास्त, धावणं सरळ रेषेत आणि तुटक. फुटबॉलमध्ये दर काही सेकंदांनी थांब, वळ, पुन्हा पळ. जांघ आणि मांडीमागचा स्नायू इथे धरतात. यावर फिफाने तयार केलेला '११ प्लस' हा वॉर्म-अप बेळगावच्या कुठल्याही मैदानावर फुकट करता येतो. आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून किमान दोनदा केला तरच उपयोग. त्यातला गुडघ्यावर बसून, साथीदाराला घोटे धरायला लावून, पुढे हळूहळू झुकायचा व्यायाम पोरं हमखास टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात. नेमका तोच हॅमस्ट्रिंग वाचवतो. पहिल्या आठवड्यात तीन-पाचच पुरेत.

बुटांचं सांगायला हवं, कारण एकाच जोडीवर दोन्ही खेळ उरकणारे खूप. मे महिन्यात आपली तांबडी मुरमाड मैदानं दगडासारखी असतात. तिथे लांब स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) रुतत नाहीत, पाय डगमगतो आणि टाच दुखते. आखूड रबरी स्टड घ्या. जुलैच्या चिखलात तेच बूट घसरतात, तेव्हा लांब स्टड. फुटबॉलच्या बुटांत वेगवान गोलंदाजी अजिबात नको. त्यांची टाच पातळ, उशी नाही, आणि पुढचा पाय टेकताना घोट्याला आधार नाही. मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, लोखंडी स्पाइक्स घालू नका, मॅट फाटते आणि पाय अडकून गुडघा वळतो. तिथे रबरी तळवाच चांगला.

कौशल्याचं म्हणाल तर फुटबॉलचा गोलरक्षक यष्टिरक्षक किंवा स्लिपमध्ये पटकन तयार होतो. फक्त त्याला झेप घेऊन कोपरावर पडायची सवय असेल तर मोडावी लागते. मिडफिल्डरला क्षेत्ररक्षणात कव्हर-पॉइंटला उभं करा. सगळ्याच फुटबॉलवाल्यांत एक खोड असते, येणारा चेंडू पायाने अडवणं. लेदर बॉल नडगीवर दोनदा बसला की बहुतेकांची जाते.

उरली कागदपत्रं. क्रिकेटची वाट कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या (केएससीए) धारवाड विभागातून बंगळूरला जाते. रोनित मोरे बेळगावचाच, आणि कर्नाटककडून रणजी खेळला. फुटबॉलची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत होते, आणि तिथे एका वेळी एकच क्लब. दोन वेगळ्या खेळांच्या नोंदण्या एकमेकींना आडव्या येत नाहीत. मात्र एकाच खेळात राज्याच्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन क्लब करायला गेलात तर अडकाल. क्रिकेटच्या १६ वर्षांखालील मुलांच्या निवडीत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, तेव्हा वयात लबाडी चालत नाही.

खरा घोळ नावाचा होतो. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आधारवर आद्याक्षर, जन्मदाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं तिसरंच स्पेलिंग. चाचणीच्या आदल्या आठवड्यात हे दुरुस्त होत नाही. आठवीत असतानाच तिन्ही कागद एकत्र ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, आणि दोन्ही खेळांची प्रमाणपत्रं त्याच स्पेलिंगने मागा. पुढे खेळाडू कोट्यातून नोकरीसाठी अर्ज करताना फाईल एकाच खेळाची लावावी लागते, म्हणून प्रमाणपत्रांच्या दोन वेगळ्या फायली पहिल्यापासून ठेवा.