कुठला डॉलर?

रात्री जेवताना अप्पा बातम्या लावतात आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आत विचारतात, "डॉलर किती झाला रे?" आयुष्यात त्यांनी डॉलरची नोट हातात धरलेली नाही. पण चाळीस वर्षं सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. डॉलर चढला की निर्यातवाला मालक चहा पाजायचा, उतरला की ओव्हरटाइम बंद व्हायचा. ती सवय अजून सुटलेली नाही.

२०२३च्या सप्टेंबरात एका रात्री मी उलट विचारलं, "कुठला डॉलर, अप्पा?"

"म्हणजे? डॉलरपण फाटका असतोय का काय?"

त्यांचा टोमणा बरोबर बसला होता, हे मला खूप नंतर कळलं.

माझं काम सांगतो. मी टॉवेलची जेकार्ड डिझाइनं करतो. पूर्वी त्यासाठी पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचे, आता संगणकावर फाइल बनते आणि तीच यंत्रात जाते. बहुतेक काम इथल्याच कारखानदारांचं. बिल दिल्यावर "पुढच्या आठवड्यात बघू" हे ऐकायची सवय असलेलं. त्यात एका ओळखीतून ब्युनोस आयर्सची एक बाई मिळाली. स्वयंपाकघरातले टॉवेल विकते. महिन्याला दोन डिझाइनं, एकाचे १०० डॉलर. "पैसे यूएसडीटीत देईन, चालेल?" एवढंच तिनं विचारलं.

यूएसडीटी म्हणजे टेथर. २०१४ पासून चालत आलेलं डिजिटल चलन, एकाची किंमत एक डॉलर धरलेली. टेथर या शब्दाला आपल्याकडं चपखल शब्द आहे: दावं. गुराला खुंट्याशी बांधतात ते. कंपनी म्हणते, आम्ही जेवढी नाणी काढली तेवढी मालमत्ता आमच्याकडं ठेवलेली आहे, म्हणून ते डॉलरच्या खुंट्याला बांधलेलं राहतं. बहुतेक वेळा राहतंही. टेराची डॉलरला बांधलेली अशीच एक यूएसटी होती, २०२२च्या मे महिन्यात ती दावं तोडून पळाली ती परत आलीच नाही. यूएसडीसी, अशीच आणखी एक, मार्च २०२३च्या एका शनिवारी ८८ सेंटच्याही खाली गेली होती, कारण तिच्या राखीव रकमेतले ३३० कोटी डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होते. सोमवारपर्यंत ती पुन्हा खुंट्यापाशी आली. हे सगळं वाचूनच मी हो म्हणालो. जनावर सुटलं तर काय, याची भीती मला होती. खुंटाच प्रत्येक गावात वेगळ्या जागी ठोकलेला असतो, हे डोक्यात आलं नाही.

त्या बाईला मी विचारलं, तू बँकेतून का पाठवत नाहीस? तर तिनं एक लांबलचक व्हॉइस नोट पाठवली, इंग्रजीत, मध्ये मध्ये हसत. तेव्हा अर्जेंटिनात सरकारी दर डॉलरला ३५० पेसो होता आणि रस्त्यावरचा, ज्याला ते ब्लू म्हणतात, तो सातशेच्या वर. सरकारी दरानं सामान्य माणसाला महिन्याला २०० डॉलरच घेता यायचे, तेही कर भरून आणि हजार अटी पाळून. बाकीचे सगळे दुसऱ्या दारानं. फ्लोरिडा नावाच्या रस्त्यावर "काम्बियो, काम्बियो" ओरडणारी माणसं उभी असतात, त्यांना म्हणतात आर्बोलितो, म्हणजे छोटी झाडं. ती ज्या खोलीत घेऊन जातात तिला म्हणतात क्वेव्हा, गुहा. डॉलरच्या वेगवेगळ्या दरांची नावं तर ऐकत राहावीत. सोयाबीन निर्यातदारांचा सोया डॉलर. २०२२च्या विश्वचषकाच्या तोंडावर परदेशात कार्ड घासणाऱ्यांवर जादा कर लावला, तो कतार डॉलर. परदेशी कलाकारांना बोलावताना पडणारा कोल्डप्ले डॉलर. आणि रविवारीसुद्धा चालू असणारा क्रिप्टो डॉलर. २०२२च्या जुलैमध्ये अर्थमंत्र्यांनी शनिवारी राजीनामा दिला, तेव्हा बँका, बाजार सगळं बंद. पेसो किती पडला हे लोक क्रिप्टो डॉलरकडं बघूनच ठरवत होते.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. शंभर डॉलरच्या नोटेवर फ्रँकलिनचं डोकं मोठं असेल तर पूर्ण भाव. १९९६च्या आधीची, लहान डोक्याची नोट असेल तर कमी. नोट खरी, अमेरिकेत पूर्ण शंभराची, पण गुहेतला माणूस तोंड वाकडं करून भाव पाडतो.

मी हसलो, कारण आमच्या मंगळवार पेठेत छत्रीखाली फाटक्या नोटावाला बसायचा. शंभराची फाटकी नोट द्या, नव्वद घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ती नोट बँकेत बदलून मिळते हे त्यालाही माहीत, आपल्यालाही. पण रांगेत कोण उभं राहणार? आणि दहाच्या नाण्याचं तर तुम्हाला आठवत असेलच. रिझर्व्ह बँकेनं २०१८च्या जानेवारीत सांगितलं की १४ प्रकारची नाणी आहेत, सगळी खरी आहेत. तरी आमचा किराणावाला म्हणायचा, "पुण्याला जाताना खर्च कर बे, इथं नको." तर पेसोवाल्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता माझ्या बाजूचा हिशोब. गुगलवर डॉलर ८३. पण यूएसडीटी विकायला बसलो तर पीटूपीवर, म्हणजे माणसानं माणसाला थेट विकायच्या ठिकाणी, भाव ८९.५०. मी दोनदा चष्मा पुसून बघितलं. साडेसहा रुपये जास्त! नंतर कारण कळलं. इथं यूएसडीटी हवा असणारे भरपूर आणि रुपये देऊन डॉलर बाहेर न्यायची कायदेशीर वाट कागदपत्रांची. बँका क्रिप्टोसाठी म्हणून पैसे बाहेर पाठवत नाहीत. बाहेर स्वस्तात घ्यायचं आणि इथं महाग विकायचं, असं करून हा फरक बुजवणारा व्यापारीच फारसा उरत नाही. त्यात १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. बारीक नफ्यावर जगणाऱ्याचं भांडवलच त्यात अडकतं.

हे मी उत्साहात त्या बाईला सांगितलं. नको तिथं तोंड उघडायची आमच्या घराण्याची खोड.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्याकडे डॉलर दुप्पट महाग आणि तुझ्याकडे वरून बक्षीस? मग १०० ऐवजी ९५ घे." मी पाटीवर मांडलं: ९५ गुणिले ८९.५० म्हणजे ८,५०२ रुपये. १०० गुणिले ८३ म्हणजे ८,३००. तरी फायदाच. घेतले ९५. ठरवताना मी फक्त आजचा भाव बघितला, ही चूक पुढं येईल.

पहिल्यांदा विकलं तेव्हा थरारच वाटला. २०० यूएसडीटी साठले की विकायचे. १७,९०० रुपये, त्यातून टीडीएस १७९, हातात १७,७२१. यूपीआयचा टिंग आवाज आला आणि मी पार्क चौकात जाऊन मित्रांना भजी खाऊ घातली.

सीए मॅडमकडं गेलो तेव्हा भजी उतरली. त्यांनी शांतपणे सांगितलं. मिळाले त्या दिवशीच्या किमतीनं ते धंद्याचं उत्पन्न. विकताना वर जो नफा होईल त्यावर सरळ ३० टक्के, वर उपकर. तोटा झाला तर तो कशातूनही वजा नाही. आणि ही निर्यात म्हणून धरता येणार नाही, कारण जीएसटीत सेवेची निर्यात म्हणवून घ्यायला पैसा परकीय चलनात यावा लागतो, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथं रुपयात. "हे दोन्हीत बसत नाही. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत आहे म्हणून सुटताय. आणि परदेशातून पैसे बँकेतूनच आणा, हे मी आता सांगतेय, नंतर म्हणू नका." त्यांच्या टेबलावरच्या शेंगाचटणीच्या डब्याकडं बघत मी मान हलवली. आणि ऐकलं नाही.

तिसऱ्या विक्रीनंतर नवव्या दिवशी कार्ड चालेना. पेट्रोल पंपावर, मागे रांग. बँकेत गेलो तर १७,७२१ रुपयांवर लीन, म्हणजे तेवढी रक्कम गोठवलेली. दुसऱ्या राज्यातल्या कुणीतरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली होती. त्याचे लुबाडलेले पैसे दोन-तीन खात्यांतून फिरत माझ्या खरेदीदाराकडं आले होते आणि त्यानं तेच मला दिले होते. मी बिल, चॅट, विक्रीची नोंद, सगळं त्या पोलिस ठाण्याला मेल केलं. फोन केले. एक हवालदार चांगला होता, निदान हसून बोलायचा. पैसे मोकळे व्हायला चार महिने लागले. तेव्हा साडेसहा रुपये कशाचे ते कळलं. २०० नाण्यांवर वरचे १,३०० रुपये मिळणार म्हणून मी अनोळखी माणसाच्या पैशाचा इतिहास विकत घेत होतो. नंतर नीट बघितलं, तर कमी भाव देणारेही काही खरेदीदार दिसले. त्यांच्या जाहिरातीत स्वच्छ पैशाची हमी लिहिलेली. हमी कोण तपासणार, ते लिहिलेलं नव्हतं.

मग ठरवलं, विकायचंच नाही. खर्चच करायचं.

सोलापुरात यूएसडीटी कुठं खर्च करणार? नवी पेठेतला एक ओळखीचा संगणकवाला म्हणाला, "आण की, ८० नं घेतो." एवढ्या गोडीनं म्हणाला की क्षणभर मीच त्याचं देणं लागतो असं वाटलं. राहिलं ऑनलाइन. माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं नूतनीकरण ६० डॉलर, आणि ते लोक यूएसडीटी घेत होते.

कार्डानं भरले असते तर ४,९८० रुपये, वर बँकेचे साडेतीन टक्के म्हणजे १७४, त्या १७४ वर १८ टक्के जीएसटी. एकूण ५,१८५. म्हणजे कार्डाचा डॉलर ८६.४३. यूएसडीटीनं भरले तर ६० नाणी. तीच विकली असती तर टीडीएसच्या आधी ५,३७० आले असते. मनात म्हटलं, एकशेपंच्याऐंशीची झळ, पण लीनचं लचांड नाही. चालेल.

पाठवले ६०. पोचले ५९. पाठवणी शुल्क एक नाणं मधल्यामध्ये कापलं गेलं. तिकडून मेल: रक्कम अपुरी. उरलेलं एक पाठवायला गेलो तर माझी नाणी ठेवलेलं एक्सचेंज म्हणतंय, किमान १० काढा. पाठवले १०, त्यातलं पुन्हा एक कापलं, आठ त्या कंपनीकडं माझ्या नावावर पडून राहिले. ते आठ सोडले तरी ६० डॉलरच्या वस्तूला ६२ नाणी गेली. साडेएकोणनव्वदनं धरलं तर डॉलर पडला ९२ रुपये ४८ पैशांना. आणि सीए मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे खर्च करणं हीसुद्धा विक्रीच, त्याचाही हिशोब द्यायचा.

त्या रात्री अप्पांना मी डॉलरचे सगळे भाव सांगितले. गुगलचा ८३, कार्डाचा ८६.४३, पीटूपीचा ८९.५०, नवी पेठेचा ८०, आणि माझ्या खर्चाचा ९२.४८. ते शांतपणे कडक भाकरी आमटीत चुरत होते. म्हणाले, "टीव्हीवर एकच सांगलालेत की."

तिकडं अर्जेंटिनात दरम्यान सरकार बदललं. डिसेंबर २०२३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष मिलेई यांच्या सरकारनं सरकारी दर ३६६ च्या आसपासचा एका झटक्यात ८०० केला. दोन दरांमधली दरी आक्रसत गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये सामान्य माणसाच्या डॉलर खरेदीवरची बंधनं बहुतेक उठली. त्या बाईचा मेसेज आला, खूप आनंदात: आता मी बँकेतूनच पाठवते, तुझ्या सीए मॅडम खुश होतील. दोन डिझाइनं, १९० डॉलर.

१९०. मी लिहायला घेतलं की बाई, ९५ हा भाव यूएसडीटीचा होता, बँकेचा १००. तिनं उत्तर दिलं, "तुझा डॉलर कुठल्या गावचा ते मला काय माहीत? आपलं ९५ ठरलंय." शेवटी तिचं खरं होतं. तिच्या गावात इतकी वर्षं ती कतार आणि कोल्डप्ले सोसत होती, तेव्हा मी माझ्या वरच्या साडेसहा रुपयांतला वाटा तिला दिला होता. आणि जे दिलं होतं ते परत मागायला निघालो होतो.

पैसे चौथ्या दिवशी आले. १९० निघाले, १७२ पोचले. १८ डॉलर मधल्या कुठल्या तरी बँकेनं घेतले, तिचं नावही पावतीवर नीट वाचता येत नव्हतं. टीव्हीवर ८५ चालू होता, मला लागला ८४.२०. खात्यात १४,४८२ रुपये. लीन नाही, टीडीएस नाही, कागद एकदम स्वच्छ.

रात्री अप्पांचा प्रश्न आलाच. मी बिलाच्या रकमेनं भागून सांगितलं, "७६."

त्यांनी घास खाली ठेवला. सगळं विचारून घेतलं, कितीतले किती कापले ते बोटावर मोजलं. मग म्हणाले, "एकशे नव्वदला अठरा म्हणजे शंभराला जवळजवळ दहाच की. आपला छत्रीवाला तिकडं जाऊन बसलाय बघ."