मेटॅलिका आणि साठची टेप

मेटॅलिका ह्या अमेरिकन हेवी मेटल बँडचा नवा अल्बम आला की मी आधी गाण्यांची नावं बघत नाही, एकूण वेळ बघतो. ७७ मिनिटं. झालं, तिथेच मूड जातो. अजून एक सूर कानावर पडलेला नसतो आणि मला माहिती असतं की ह्यातली निदान पंचवीस मिनिटं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकणार नाहीये.

ह्या बँडवर चिडलेले लोक पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणंही ठरलेली आहेत, ९६ साली केस कापले, २००० साली नॅपस्टरवर, म्हणजे नेटवरून फुकट गाणी वाटायच्या सेवेवर, केस टाकली आणि ड्रमर लार्सने तीन लाखांवर युजर्सची नावं खोक्यात भरून त्यांच्या ऑफिसात नेऊन दिली, प्रोड्युसर बॉब रॉकने आवाज गुळगुळीत केला, वगैरे वगैरे. ह्यातलं केसांचं तर मला कधी कळलंच नाही. माणसाने तिशीत केस कापले तर त्यात एवढं काय, आपणही कापतोच की, आणि आपले तर आपोआपही जातात. नॅपस्टरबद्दल बोलायला मला तोंड नाही, कारण आमचं सगळं कलेक्शन होस्टेलवर टेप टू टेप झालेलं. इंग्लिश कॅसेट शंभर-सव्वाशेला, म्हणजे मेसच्या बिलात खाडा पाडल्याशिवाय शक्य नाही, मग एकाने घ्यायची आणि बाकीच्यांनी ब्लँक टेपवर उतरवायची, डबल डेक ज्याच्या रूमवर तो राजा.

आणि माझं मेटॅलिकाबद्दलचं जे काही मत आहे ते ह्या ब्लँक टेपांमुळेच झालंय. बाजारात मुख्यतः दोन प्रकार, साठची आणि नव्वदची. साठ म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आता 'मास्टर ऑफ पपेट्स' घ्या, १९८६ चा. एकूण आठ गाणी, पावणेपंचावन्न मिनिटं. पहिल्या बाजूला चार, सत्तावीसच्या आत. दुसऱ्या बाजूला चार, अठ्ठावीसच्या आत. साठच्या टेपवर असा काही चपखल बसायचा की शेवटच्या गाण्यानंतर थोडीशी खरखर आणि खट्, बटण वर. 'राइड द लायटनिंग' ४७ मिनिटं, बसला. 'किल 'एम ऑल' ५१, बसला. १९८८ चा 'जस्टिस' ६५ मिनिटांचा, त्याला नव्वदची लागायची. १९९१ चा काळा अल्बम, म्हणजे काळ्या कव्हरचा 'मेटॅलिका', जो एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खपला, तो साठला अडीच मिनिटं कमी पडून सांडायचा, आणि त्यावरून आमच्याकडे शेवटचं गाणं अर्धं तुटलेल्या बऱ्याच कॉप्या फिरत होत्या.

हे काही ते आमच्यासाठी करत नव्हते, उघड आहे. तेव्हा एलपीची तबकडी होती, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांच्या वर भरलं की आवाज पातळ होतो, त्यामुळे मोजून-मापूनच भरायला लागायचं. पण त्या जागेच्या टंचाईने ह्या पोरांचं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्या प्रोड्युसरने केलं नसेल असं माझं पक्कं मत आहे.

कुणी म्हणेल की जुनी गाणीही लांबलचक होती की. होती. 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणंच साडेआठ मिनिटांचं आहे. पण ते एकदा नीट ऐका. सुरुवातीचा तो खाली घसरत येणारा रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, मग सगळे डाउनस्ट्रोक, नुसते वरून खाली मारलेले, गायक-गिटारिस्ट जेम्सचा उजवा हात थकत कसा नाही हा प्रश्न, आणि साधारण साडेतीन मिनिटांनी अख्खा डोलारा थांबतो. एकदम स्वच्छ गिटार. त्यावर एक संथ सोलो, जो लीड गिटारिस्ट कर्कचा नाही, जेम्सचा आहे, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. मग त्या संथपणातून हळूहळू पुन्हा राग चढत जातो, मग कर्कचा सुसाट सोलो, मग पुन्हा मूळ रिफ, शेवटचं कडवं आणि ते विकट हसणं. ह्यातलं काहीही काढून बघा, गाणं लंगडं होतं. आमच्या घरी आजोबा तासतासभर एकच राग ऐकत बसायचे आणि आम्ही कंटाळलो की म्हणायचे, अरे बढत बघ त्याची. तर ती बढत आहे ह्या साडेआठ मिनिटांत. २०२३ च्या '७२ सीझन्स' मधल्या सात मिनिटांच्या गाण्यात ती नाहीये, तिथे तीन मिनिटांत सगळं सांगून झालेलं असतं आणि मग तेच परत, आणि परत, आणि मध्ये कर्कचा वा-वा पेडल, गिटारला 'वाव-वाव' बोलायला लावणारा.

बिघडायला सुरुवात झाली ती सीडी आल्यावर. सीडीवर ऐंशी मिनिटांच्या आसपास मावतं. १९९६ चा 'लोड' किती लांब आहे माहितीये? ७८ मिनिटं ५९ सेकंद. म्हणजे काठोकाठ. वर त्याची जाहिरातही तशीच, बघा केवढा मोठा. आणि कहर म्हणजे एवढं भरूनसुद्धा शेवटचं 'द आउटलॉ टॉर्न' मावेना म्हणून त्याचा मिनिटभराचा तुकडा कापला, आणि पुढच्या वर्षी एका सिंगलवर ते पूर्ण गाणं "उत्पादनाच्या मर्यादांतून मुक्त" अशा अर्थाच्या लांबलचक नावाने काढलं. अरे बाबांनो, कापायचंच होतं तर त्याच अल्बममधली चार भरताड गाणी कापायची, कापलं कुणाला तर सगळ्यात चांगल्याला! आणि एवढ्यावर भागलं नाही, त्याच सगळ्या कामातून उरलेल्या मालाचा पुढच्या वर्षी 'रीलोड' आला, तो पण पाऊण तासाच्या कितीतरी वर.

म्हणून 'लोड'ला शिव्या देणाऱ्यांशी माझं पटत नाही. ते म्हणतात मेटल सोडलं, विकले गेले. मी म्हणतो दोन अल्बम मिळून एक झकास अल्बम होता, कुणी काढला नाही. मी काढलाय. अन्टिल इट स्लीप्स, ब्लीडिंग मी, किंग नथिंग, हीरो ऑफ द डे, फ्यूएल, मेमरी रिमेन्स, लो मॅन्स लिरिक, फिक्सर आणि शेवटी तेच आउटलॉ टॉर्न. साडेसत्तावन्न मिनिटांच्या आत. साठच्या टेपवर आरामात. ऐकून बघा आणि मग मला सांगा की १९९६ साली हा बँड संपला होता.

जुने फॅन्स इथे हमखास बँडच्या जुन्या बेसिस्टला, क्लिफ बर्टनला मध्ये आणतात. क्लिफ असता तर. सप्टेंबर ८६ मध्ये स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली आणि तो गेला, जेमतेम २४ वर्षांचा, आणि तेव्हापासून प्रत्येक वाईट अल्बमला हे वाक्य येतंच, क्लिफने हे होऊ दिलं नसतं. कुणास ठाऊक. गेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या नावावर एकही वाईट अल्बम चढत नाही. कदाचित त्यानेही चाळिशीत दहा-दहा मिनिटांचे बेस सोलो भरले असते आणि आपण त्यालाही शिव्या घातल्या असत्या. मला वाटतं क्लिफपेक्षा त्यांना गरज होती ती "हे नको" म्हणणाऱ्या माणसाची.

आणि तो माणूस एकदा खरंच येऊन गेलाय, कॅमेऱ्यासमोर. 'सेंट अँगर' ह्या अल्बमच्या वेळची ती डॉक्युमेंटरी आहे ना, 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर', त्यात. तो काळच भयानक होता, क्लिफच्या जागी आलेला बेसिस्ट जेसन २००१ च्या जानेवारीत सोडून गेलेला, जुलैमध्ये जेम्स रिहॅबमध्ये, बँडमधली भांडणं मिटवायला महिना ४० हजार डॉलर्सचा थेरपिस्ट, आणि बेस वाजवायला खुद्द प्रोड्युसर. त्यात एका सीनमध्ये लार्स आपल्या वडिलांना काहीतरी नवीन रेकॉर्ड केलेलं ऐकवतो. वडील म्हणजे टॉर्बेन उलरिक, विम्बल्डन खेळलेले डॅनिश टेनिसपटू, लांबलचक पांढरी दाढी, एखाद्या मठातून आल्यासारखे. लार्स विचारतो, काय वाटतं. आणि ते अगदी शांतपणे, पोराला जराही न दुखवता वगैरे काही नाही, सरळ सांगतात की मला विचारशील तर हे डिलीट करा. बस. लार्सचा चेहरा बघण्यासारखा आहे. मला तो सीन एवढा आवडतो की अल्बमपेक्षा जास्त वेळा मी तो पाहिला असेल. कोट्यवधी डॉलर्सच्या त्या सगळ्या कारभारात नेमकं काय चुकतंय हे फक्त त्या म्हाताऱ्याला कळलं होतं आणि पगारावर मात्र दुसराच होता.

'सेंट अँगर' मग आला तो ७५ मिनिटांचाच आला. त्यातला स्नेअर ड्रम म्हणजे तेलाचा रिकामा डबा, ते तर जगजाहीर आहे, लार्सने खालच्या तारा सोडून ठेवल्या होत्या आणि तो आवाज त्याला आवडला म्हणे. सोलो एकही नाही. पण मी म्हणतो डबा असू दे, चाळीस मिनिटं डबा वाजला असता तर लोकांनी प्रयोग म्हणून कौतुक केलं असतं. सव्वा तास डबा कोण ऐकेल?

तरी लाइव्हला हा बँड वेगळाच असतो हेही सांगितलं पाहिजे. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगलोरला आले होते, पॅलेस ग्राउंड्सवर. दोन दिवस आधीचा गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झालेला, तिथे पब्लिकने स्टेजची मोडतोड केलेली, त्यामुळे पुण्याहून बसने जाताना सगळ्यांच्या पोटात गोळा, हाही गेला तर काय. नाही गेला. आणि 'मास्टर'मधला तो मधला स्वच्छ भाग आला तेव्हा त्याला शब्दच नाहीत म्हणून हजारो लोक गिटारची धून तोंडाने म्हणत होते, ओ-ओ-ओ करत, चिखलात उभं राहून, माझ्या शेजारचा एक दाढीवाला चष्मा काढून पुसत होता आणि परत घालत होता आणि परत काढत होता. दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, रॉक गायक लू रीडबरोबरचा 'लुलू' अल्बम बाहेर आला. ८७ मिनिटं. शेवटचं गाणं साडेएकोणीस मिनिटांचं. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पुढे २०१२ पासून तर लेबलही स्वतःचंच, स्टुडिओ स्वतःचा होताच. म्हणजे घड्याळ दाखवणारा कंपनीचा माणूसही गेला. जुन्या पद्धतीने ह्याला स्वातंत्र्य म्हणतात आणि ते त्यांनी कष्टाने कमावलंय, नाही म्हणत नाही मी. पण मग काय होतं, तर कर्कचा फोन हरवतो, त्यात अडीचशे रिफ असतात, बॅकअप घेतलेला नसतो, त्यामुळे २०१६ च्या 'हार्डवायर्ड'वर लिहिणाऱ्यांत त्याचं नावच नाही, आणि एवढं होऊनही अल्बम भरतो ७७ मिनिटं, दोन सीड्यांमध्ये! सापडला असता फोन तर तीन सीड्या होत्या बघा. आणि त्यातलं सगळ्यात जबरदस्त गाणं, 'स्पिट आउट द बोन', जे त्यांनी ८६ सालीही अभिमानाने काढलं असतं, ते कुठे ठेवलंय? अगदी शेवटी. तिथपर्यंत पोचायला आधी 'मर्डर वन' पार करावं लागतं. मला राग ह्याचाच येतो. वाईट झाले असते तर सोडून दिलं असतं, असे कितीतरी बँड सोडले. हे वाईट नाहीयेत, ह्यांच्याकडे माल आहे, पण तो शोधायचं काम आपल्यावर टाकलंय.

२०२२ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' ह्या सिरीयलमध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजलं आणि माझ्या भाच्याला मेटॅलिका सापडली. मामाला एकदम भाव. मी त्याला माझ्या सगळ्या साठच्या लिस्ट पाठवल्या, 'लोड-रीलोड'ची, 'डेथ मॅग्नेटिक'ची, 'हार्डवायर्ड'ची, '७२ सीझन्स'ची. म्हटलं एवढंच ऐक, बाकी वेळ वाया. दोन दिवसांनी त्याचा फोन.

"मामा, तू इनामोराटा काढलंस?"

इनामोराटा म्हणजे '७२ सीझन्स'चं शेवटचं, ११ मिनिटं १० सेकंद, लू रीडबरोबरचा 'लुलू' सोडला तर त्यांचं आजवरचं सगळ्यात लांब ओरिजिनल गाणं. म्हटलं हो, आठात होण्यासारखं आहे ते.

"अरे मधला तो बेसचा पार्ट ऐकलास का तू नीट? सगळं शांत होतं तो? तेच तर बेस्ट आहे पूर्ण अल्बममध्ये."

मी म्हटलं बरं, घाल मग, पण साठच्या वर जातंय, त्याच्या बदल्यात काहीतरी काढावं लागेल. तर म्हणतो काढायचं कशाला, प्लेलिस्टच तर आहे, मोठी झाली तर झाली. त्याला साठची टेप समजावून सांगायला मी बसलो आणि अर्ध्यातच त्याला क्लासला जायचं होतं. आता त्याने माझ्या लिस्टची स्वतःची कॉपी केलीये, त्यात इनामोराटा आहे आणि वर 'मर्डर वन' पण टाकलंय, बहुतेक मला चिडवायला. सव्वा तासाच्या पुढे गेलीये ती. मी अजून '७२ सीझन्स'मधल्या 'लक्स इटर्ना'वरच अडलोय, साडेतीन मिनिटांच्या आतलं गाणं आहे, आणि ह्याला मात्र ते लवकर संपतं म्हणून आवडत नाही.