कोवळ्या चंद्रकोरीसाठी पठारावर

अमावास्या संपून साधारण २५ तास झालेली कोर टिपायची म्हणून या वेळी पश्चिमेला पार क्षितिजापर्यंत मोकळ्या असलेल्या पठारावर गेलो. कोर मिळाली, आणि मनासारखी मिळाली.

बेत आखताना बहुतेक जण चंद्राचं वय बघतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: सूर्य-चंद्रात किती अंशांचं अंतर आहे, आणि सूर्यास्तानंतर चंद्र किती वेळ वर राहणार आहे. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश दूर सरकतो, पण क्रांतिवृत्त (सूर्याचा आभाळातला वर्षभराचा मार्ग, चंद्रही त्याच्या जवळपासच असतो) क्षितिजाकडे झुकलेलं असलं तर ते अंतर उंचीच्या कामी येत नाही. उत्तर गोलार्धात वसंतातल्या संध्याकाळी क्रांतिवृत्त उभं असतं. कोवळ्या कोरीचा खरा हंगाम तोच. अंतर सुमारे सात अंशांहून कमी असेल तर कोर डोळ्यांना दिसत नाही. हीच फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजों यांच्या नावानं ओळखली जाणारी दांजों मर्यादा. ८ जुलै २०१३ रोजी फ्रेंच खगोलछायाचित्रकार थिएरी लेगो यांनी नेमक्या युतीच्या, म्हणजे अमावास्येच्या क्षणी, सूर्यापासून जेमतेम ४.४ अंशांवरची कोर अवरक्त प्रकाशात टिपली होती, पण ते काम सूर्यप्रकाश अडवायची खास व्यवस्था करून केलेलं. आपण सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण किंवा झूम लेन्स तिकडे वळवायचीच नाही. डोळे जातील.

चंद्र सूर्यानंतर ५४ मिनिटांनी मावळणार होता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ यॅलप यांचा एक साधा नियम आहे: या अवधीचा चार-नवमांश भाग सरला की कोर दिसायची सर्वांत चांगली वेळ. म्हणजे सूर्यास्तानंतर २४ मिनिटं. त्याआधी आभाळ फार उजळ, नंतर कोर क्षितिजावरच्या धुरकटात शिरते. पठारावर हा हिशेब तंतोतंत जुळला. आधी दुर्बिणीत एक केसाएवढी रेघ दिसली, सूर्य बुडाला त्या जागेच्या जरा डावीकडे आणि बरीच वर. नुसत्या डोळ्यांना ती आणखी काही मिनिटांनी सापडली, आणि सापडल्यावर इतका वेळ कशी दिसली नाही याचंच नवल वाटलं!

फोकस उजेड असतानाच लांबच्या डोंगरकडेवर जुळवून ठेवा आणि मॅन्युअलवर टाका. फिक्या आभाळात ऑटोफोकस नुसता चाचपडत राहतो. चंद्राचा दिगंश (क्षितिजावरची दिशा, अंशांत) ॲपमधून आधीच काढून त्या दिशेची एखादी खूण हेरून ठेवा. सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लेंग्थच्या साधारण ११०व्या भागाइतका येतो, म्हणजे ४०० मिमीला साडेतीन मिमीच्या आसपास. कोर मोठी हवी तर लांब लेन्स. पण २०० मिमीत खालची डोंगररांगही येते, आणि मला तेच चित्र जास्त आवडतं. आभाळ मिनिटागणिक काळोखत असल्यानं एक्स्पोजर बांधून ठेवू नका. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघत शटर बदलत राहा, रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, दोन सेकंदांचा टायमर लावा. सात अंश उंचीवरच्या चंद्राला धूळ आणि बाष्प फार छळतात, म्हणून पाऊस पडून हवा धुतली गेल्यावरचा दिवस मिळाला तर सोडू नका.

चंद्राच्या काळ्या भागावरचा पृथ्वीप्रकाश (पृथ्वीवरून परावर्तित होऊन तिथे पडलेला मंद उजेड) हवा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा जा. तेव्हा चंद्र गडद आभाळात वर असतो आणि एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर देता येतं. त्याहून लांबवलं तर लांब लेन्सवर चंद्र सरकलेला दिसतो.