देणगीतला पगार

कंपन्यांकडे सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी त्या खर्च करतात तो पैसा, मागणाऱ्या प्रस्तावांची पडताळणी करणे हे माझे काम आहे. संस्थांच्या 12ए व 80जी या प्राप्तिकराच्या आणि सीएसआर-1 ही सीएसआर निधी घेण्यासाठीची, अशा नोंदण्या व लेखापरीक्षित ताळेबंद पणजीत बसूनही तपासता येतात. गावात गेल्यावर मात्र मी आधी मागच्या देणगीदाराने दिलेली वस्तू पाहायला मागतो, कारण नव्या देणगीचे पुढे काय होणार ते तिच्यावरून कळते.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका सरकारी प्राथमिक शाळेसाठी आरओ यंत्राचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव होता. आधीचे आरओ यंत्र व्हरांड्यातच होते, देणगीदाराची पाटी लखलखीत आणि नळ कोरडा. विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मी मोजला, तो लिटरला शंभर मिलिग्रॅमच्याही खाली निघाला. भारतीय मानकानुसार 500 पर्यंतचे प्रमाण स्वीकारार्ह असते, म्हणजे क्षार काढणाऱ्या यंत्राची तिथे मुळात गरजच नव्हती. उलट पाण्यातल्या लोहाने, ज्याचा तांबूस थर टाकीला चिकटलेला दिसत होता, यंत्रातले मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, बाद केले होते आणि ते बदलण्याची तरतूद कोणीच केलेली नव्हती. खरा धोका पावसाळ्यात विहिरीत उतरणाऱ्या जंतूंचा आहे, आणि त्यासाठी साधी गाळणी, बेताचे क्लोरीन व पाण्यात उरलेले क्लोरीन रोज तपासणारे एक माणूस हवे. पाणी न तपासता यंत्र देणे याला मी दातृत्व म्हणत नाही.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या महिला गटाच्या प्रमुख मावशीही बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, यंत्र नको. आमच्यातल्या एकीला महिन्याचे पैसे द्या, पाणी आम्ही राखू.” इतकी नेमकी मागणी मी कोणत्याही छापील प्रस्तावात वाचलेली नाही.

कंपनीच्या समितीने ती फेटाळली. वेतन हा प्रशासकीय खर्च असून तो पाच टक्क्यांत बसवावा, असा शेरा आला. हा गैरसमज या क्षेत्रात इतका रुजला आहे की संस्था आपल्या कार्यकर्त्यांचे पगार लपवायला शिकल्या आहेत. वास्तविक 2021 च्या दुरुस्त नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे; प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारा खर्च त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. मी नियम जोडून टिपण पुन्हा पाठवले.

गोव्यात तरी हे पटवून द्यावे लागू नये. ज्यांच्या चालीरीती 1526 च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदवल्या गेल्या, त्या गावकाऱ्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्था, खाजनांच्या (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतांच्या) बांधांची डागडुजी सामाईक उत्पन्नातून करीत आणि उरलेल्यातून झोण, म्हणजे सभासदांचा वाटा, वाटत. राखण्याचा खर्च आधी, वाटप नंतर, हा क्रम आपल्याच गावांनी घालून दिलेला आहे.

समितीने अखेर बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजुरी दिली; परंतु कायद्याप्रमाणे असा प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालतो. मावशींना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “आणि त्यानंतर?” पुढे हे वेतन पंचायतीने उचलावे, अशी अट मी करारात घातली आहे. पंचायतीने अद्याप होकार दिलेला नाही, आणि त्या होकाराशिवाय शिफारशीवर सही करावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.