आधी नाही म्हणता आलं पाहिजे

नाशिकच्या शरणपूर भागातल्या आमच्या अभ्यासिकेत येणारी बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत. कोणी सातपूरच्या आयटीआयला शिकतं, कोणी अंबडच्या कारखान्यात शिकाऊ आहे, कोणाच्या घरात वही उघडायला कोपरा नाही. जागा मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, लाईटबिल मंडळी भरते, भिंतीवर क्रूस आहे. मी तिथे युवा कार्यकर्ती आहे. तो क्रूस मी झाकत नाही आणि उठसूट त्याच्याकडे बोटही दाखवत नाही. कोणी विचारलंच, तर येशूवर माझा विश्वास का आहे ते मोकळेपणाने सांगते.

गेल्या श्रावणात फिटरच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा अभ्यासिका बंद व्हायच्या वेळेला मागे राहिला. म्हणाला, "ताई, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

माझं मन आनंदाने भरून आलं. ज्या श्रद्धेवर मी जगते ती कोणाला हवीशी वाटली, तर आनंद होणारच. तरी विचारलं, "का रे?"

तो फरशीकडे बघत बोलला. "मंडळीने पप्पांच्या औषधांचे पैसे दिले. परवा एक काका म्हणाले, आता तूही आमच्यातला हो. तुम्ही एवढं केलंत, मग मी..."

"ते पैसे फेडायचे नाहीत. आणि समज, तू कधीच बाप्तिस्मा घेतला नाहीस, तर?"

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग अभ्यासिकेत येऊ द्याल?"

खरा प्रश्न हा होता. "उद्या नेहमीच्या वेळेला कुलूप उघडेल. ये," मी म्हटलं. त्याचे खांदे सैल पडले. लगेच दुसरा प्रश्न आला, "आणि ढोल?" गणपती तोंडावर आलेले, पथकाचा सराव जोरात होता. आईबरोबर नवरात्रात कालिकेच्या यात्रेलाही जायचं होतं. हे सगळं सोडावं लागेल, या धास्तीने तो कित्येक रात्री झोपला नव्हता, आणि तरीही हो म्हणायला आला होता.

ही गोष्ट मंडळीच्या समितीच्या बैठकीत निघाली. एक ज्येष्ठ सभासद व्यथित होऊन म्हणाले, "पोरगा स्वतःच्या पायाने आला आणि तू त्याला थांबवलंस?" दुसऱ्यांनी कायद्याची आठवण करून दिली. राज्यघटनेचं कलम 25 धर्मप्रसाराचा हक्क देतं, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितलं आहे. ते खरंच आहे. पण मी भीतीपोटी थांबले नव्हते.

युवाकार्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की तरुण स्वेच्छेने येतो आणि स्वेच्छेने जाऊ शकतो. पुष्कळांना हे तत्त्व मिशनच्या आड येणारं वाटतं. मला ते बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दिसतं. श्रीमंत तरुण येतो, येशू त्याच्यावर प्रीती करतो, त्याला खरं काय ते सांगतो: असेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याला अडवत नाही, अटही सैल करत नाही.

शरणपूरचा इतिहासही माझ्या मनातून जात नाही. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने इथे आसरा दिला, शिकवलं. 1874 साली आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अंत्यविधीला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत उपस्थित असलेला जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण छप्पर, भाकरी आणि श्रद्धा एकाच हातून मिळाल्यावर ती मुलं कशाला नाही म्हणू शकली असती? मी बैठकीत हेच विचारलं. पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पैशांची मदत आता वेगळी माणसं बघतात. अभ्यासिकेतल्या कोणाचाही त्याच्याशी संबंध नाही. आणि गुरुवारचं शास्त्रवाचन अभ्यासाची वेळ संपल्यावर, वेगळ्या खोलीत होतं. ज्याला बसायचं तो बसतो.

गणपतीत तो मुलगा फिरकला नाही. विसर्जन झाल्यावर आला, हाताला ढोलाचे फोड घेऊन. गुरुवारी कधी थांबतो, कधी नाही. मागच्या खेपेला बायबलमधली, बापाकडून वाटणी घेऊन ती उडवणाऱ्या उधळ्या पुत्राची गोष्ट वाचून त्याने विचारलं, "बापाला माहीत होतं ना पोरगा पैसे उडवणार, मग वाटणी दिलीच कशाला?" त्यावर आम्ही तासभर बोललो. त्याने काही ठरवलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, हे मात्र त्याला माहीत आहे.